मालदीवला डाइव्हिंगसाठी जायचंय? आधी पाण्याची ओढ कुठून आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचं जोडपं, चाळिशीच्या आसपासचं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ एकदा स्कूबा केलं आणि दोघांनाही ते फार आवडलं. आता दिवाळीच्या सुट्टीत सात दिवस मालदीवला जायचंय. सोबत दहा वर्षांची मुलगी आणि पोहता न येणाऱ्या सासूबाई. मांटा (पंख पसरून पोहणारे भलेमोठे पाकट), व्हेल शार्क, जमलं तर साधे शार्क, सगळंच बघायची इच्छा आहे. मग कोणतं बेट घ्यावं, आणि कोर्स आधी करावा की तिथे जाऊन?

मी मूळचा मालवणजवळच्या देवबागचा. गेली चौदा वर्षं मालदीवमध्ये डाइव्हिंग शिकवतो, गाईड म्हणून पाण्यात उतरतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. पण हा प्रश्न मला दर दिवाळीच्या आधी कुणीतरी विचारतंच, तेव्हा एकदा नीट लिहून काढतो.

बहुतेक लोक मालदीव ठरवतात ते बेटाचे फोटो पाहून. पाण्यावरच्या लाकडी खोल्या, पांढरी वाळू, निळं पाणी. डाइव्ह करणाऱ्यासाठी ही निवडीची रीत चुकीची आहे, कारण वरून सगळी बेटं सारखीच दिसतात. फरक असतो तो पाण्याखाली, आणि तो ठरतो दोन गोष्टींवर: तुम्ही कोणत्या महिन्यात जाताय आणि तुमचं बेट अ‍ॅटॉलच्या पूर्वेला आहे की पश्चिमेला. हे एकदा कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

अ‍ॅटॉल हा शब्द जगाला मालदीवच्या धिवेही भाषेने दिला. मूळ शब्द ‘अतोळु’, आणि त्यातला ळ आपल्या ळ सारखाच. धिवेही आपल्या मराठीसारखीच आर्य कुळातली भाषा आहे, त्यामुळे तिथे राहिलात तर अधूनमधून ओळखीचे शब्द कानावर पडतील. अतोळु म्हणजे प्रवाळांचं कडं. आत उथळ खाजण (लगून), भोवती कड्यासारखी बेटं आणि खडप (प्रवाळाचा रीफ), बाहेर एकदम खोल समुद्र. मालदीवमध्ये अशी 26 नैसर्गिक अ‍ॅटॉल्स आहेत आणि त्यात सुमारे 1,200 बेटं. देश उत्तर-दक्षिण आठशे किलोमीटरहून लांब, पण सगळी जमीन एकत्र केली तर ती 300 चौरस किलोमीटरच्या आसपासच भरते.

हे कडं तयार कसं झालं याची गोष्ट मी प्रत्येक मराठी पाहुण्याला सांगतो, कारण तिची सुरुवात आपल्याच घरातून होते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या ज्या तप्त झोतावर दख्खनचा लाव्हा ओतला गेला आणि सह्याद्रीचा काळा पत्थर तयार झाला, तो झोत जागेवरच राहिला आणि आपला भूखंड त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला. मागे ज्वालामुखींची एक रांग पडली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस. त्या झोताचा आजचा धगधगता ज्वालामुखी रेयुनियन बेटावर आहे. मालदीवचे ज्वालामुखी थंड होऊन हळूहळू खचत गेले, आणि त्यांच्या काठाने वाढणारे प्रवाळ उजेडासाठी वर वर वाढत राहिले. डोंगर बुडाला, कडं उरलं. अ‍ॅटॉल असं घडतं, हे चार्ल्स डार्विनने 1842 साली मांडलं. आज मालदीवच्या बेटांखाली सुमारे दोन किलोमीटर जाडीचा चुनखडीचा थर आहे, आणि त्याच्याखाली तोच काळा बसाल्ट. राजगडाच्या पायऱ्या चढलेला माणूस मालदीवच्या खडपाशेजारी तरंगतो तेव्हा त्याच्या खाली, फार खोलवर, त्याच कुळातला दगड असतो.

आता पाण्याची ओढ. मालदीवमध्ये वर्षाचे दोन भाग पडतात. साधारण डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचा वारा असतो, त्याला स्थानिक लोक ‘इरुवाई’ म्हणतात. मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर नैर्ऋत्येचा, म्हणजे आपलाच पावसाळा, त्याचं नाव ‘हुळंगु’. इरुवाईत समुद्राचा प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. मग खोल समुद्राचं स्वच्छ पाणी अ‍ॅटॉलच्या पूर्वेकडच्या खाड्यांतून आत शिरतं, खाजणातून जाताना जीवकणांनी भरतं आणि पश्चिमेकडून गढूळ होऊन बाहेर पडतं. हुळंगुत सगळं उलट.

यातून काय होतं? स्वच्छ पाणी आत येतं त्या बाजूला लांबवर दिसतं, आणि खाडीच्या तोंडाशी शार्क, गरुड-पाकट, कुप्यांचे (ट्यूना माशांचे) थवे त्या ओढीत उभे असतात. पाणी बाहेर पडतं त्या बाजूला पाणी धूसर, पण त्यात प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव असतात, आणि प्लवक खायला मांटा येतात. म्हणून डिसेंबर ते एप्रिल मांटा अ‍ॅटॉलच्या पश्चिम कडेला, मे ते नोव्हेंबर पूर्व कडेला. ‘आम्ही जानेवारीत गेलो, पूर्वेकडच्या बेटावर राहिलो, मांटा काही दिसला नाही,’ असं कुणी सांगितलं की मला आश्चर्य वाटत नाही. जाहिरातीत ‘मांटा पॉइंट’ लिहिलेलं असतं, महिना लिहिलेला नसतो.

दिवाळी नेमकी या दोन ऋतूंच्या सांध्यावर येते, आणि ती कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात असते. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

दिवाळी ऑक्टोबरात असेल तर डोळे मिटून बा अ‍ॅटॉलला जा. धरवंधू हे गावाचं बेट आहे, तिथे छोटा विमानतळ आहे, घरगुती गेस्टहाऊस आहेत. तिथून बोटीने थोड्याच वेळात हनिफरूची खाडी. हे अ‍ॅटॉल 2011 पासून युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे. हनिफरू खरं तर एक बंद टोकाची प्रवाळखाडी आहे, एखाद्या मैदानाएवढी. हुळंगुच्या दिवसांत भरतीचं पाणी आणि वाऱ्याचा प्रवाह एकमेकांना भिडतात, प्लवक त्या नरसाळ्यात ओढलं जातं आणि बाहेर निघायला वाट राहत नाही. मग मांटा येतात. कधी पाच, कधी पन्नास, क्वचित शंभरच्या वर. तोंड उघडं ठेवून एकामागे एक रांग धरतात. प्लवक फार दाट असलं तर रांग वळून स्वतःलाच येऊन मिळते आणि पाण्यात मांटांचा भोवरा फिरू लागतो. पंखांचा पसारा तीन-चार मीटर. मी तो भोवरा मोजक्याच वेळा पाहिलाय, आणि प्रत्येक वेळी पाण्यात असताना हाताची बोटं थरथरली आहेत.

इथे तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. हनिफरूत सिलिंडर लावून उतरायला बंदी आहे. फक्त स्नॉर्केलिंग, तेही परवानाधारक गाईडसोबत आणि ठरलेल्या वेळेपुरतं. बुडबुड्यांनी मांटा विचलित होतात म्हणून हा नियम आहे आणि तो अगदी योग्य आहे. म्हणजे जगातला हा सर्वांत मोठा देखावा बघायला तुम्हाला कसलंही प्रमाणपत्र लागत नाही, आणि पोहता येत असेल तर दहा वर्षांची मुलगीही तो बघू शकते.

आणखी एक. मांटा सर्वांत जास्त येतात अमावास्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे, कारण तेव्हा उधाण असतं. आमच्या देवबागला म्हातारी माणसं अजून तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. मालदीवला तो हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही, तिथे भरती-ओहोटीतला फरकही जेमतेम मीटरभराचा. पण चंद्राचा नियम तोच. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं. तेव्हा ऑक्टोबरातली दिवाळी आणि हनिफरू हा योग कालनिर्णय बघूनच जुळवता येतो. तिकीट काढताना लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी पोहोचाल असं बघा. फराळ बरोबर न्या, घरचे दिवे तिथे लावा.

दिवाळी नोव्हेंबरात असेल तर मात्र मी बा अ‍ॅटॉलचा आग्रह धरणार नाही. मांटांचा हंगाम तेव्हा ओसरत असतो. कधी मिळतात, कधी नाही. तेव्हा दक्षिण अरी अ‍ॅटॉल. धिगुरा नावाचं बेट आहे. ‘धिगु’ म्हणजे लांब, आपल्या ‘दीर्घ’चं भावंड, आणि ‘रा’ म्हणजे बेट. नावाप्रमाणेच तीनेक किलोमीटर लांब, टोकाला वाळूचा दांडा. राजधानी मालेहून स्पीडबोटीने दोन तासांच्या आसपास लागतात. या बेटापासून मामिगिलीपर्यंतच्या बाहेरच्या खडपावर व्हेल शार्क बारा महिने असतात, आणि जगात अशा जागा फार थोड्या आहेत. इथे दिसणारे बहुतेक वयात न आलेले नर, पाच-सात मीटरचे. ते खोल थंड पाण्यात खायला उतरतात आणि अंग तापवायला उथळ पाण्यात येतात, असा संशोधकांचा अंदाज आहे. 2009 साली हा पट्टा संरक्षित झाला.

पण इथली एक गोष्ट मला मनापासून खटकते. एक व्हेल शार्क दिसला की दहा-दहा बोटी त्याच्या डोक्यावर येऊन थांबतात आणि पन्नास माणसं एकदम उड्या मारतात. पाठीवर बोटीच्या पंख्याने कापल्याच्या खुणा असलेले व्हेल शार्क मी ओळखीने ओळखतो. बोट ठरवताना सरळ विचारा: गर्दी असेल तर तुम्ही थांबता का? सकाळी किती वाजता निघता? जो लवकर निघतो आणि ‘गर्दी असेल तर आम्ही पुढे जातो’ असं सांगतो, त्याच्याबरोबर जा. पाण्यात माशापासून किमान तीन मीटर दूर, शेपटीपासून आणखी थोडं. त्याच्या पुढे जाऊन वाट अडवायची नाही, हात लावायचा नाही. तो स्वतः तुमच्याकडे वळला तर तुम्ही स्थिर राहा.

आता कोर्सबद्दल, आणि इथे थोडं स्पष्ट बोलतो. मालवणला तुम्ही जे केलंत ते खरं डाइव्हिंगच होतं, त्याला कमी लेखू नका. पण तिथे तुमचं जॅकेट, तुमची खोली, तुमची हवा सगळं दुसऱ्याच्या हातात होतं. मालदीवच्या ओढीत ते चालत नाही. दोघांनीही ओपन वॉटर, म्हणजे डाइव्हिंगच्या पहिल्या प्रमाणपत्राचा कोर्स करा, आणि निघायच्या आधी करा. तारकर्लीला होतो, अंदमानला होतो. थिअरी घरी बसून आणि पोहण्याच्या तलावातला भाग पुण्यातही पूर्ण करता येतो. सात दिवसांतले चार दिवस मालदीवच्या खाजणात गुडघ्यावर बसून मास्कमधलं पाणी काढण्यात घालवणं मला पटत नाही. मुलगी दहा वर्षांची आहे, म्हणजे तिचाही ज्युनियर कोर्स होऊ शकतो. खोलीची मर्यादा 12 मीटर आणि सोबत मोठं माणूस हवं. पण तिला स्वतःला हवं असेल तरच. ‘एवढे पैसे भरलेत, उतर’ असं पाण्याच्या काठावर कुणी लेकराला सांगताना ऐकलं की मी तो डाइव्ह घेत नाही. दमा, कानाची जुनी दुखणी, सायनस, हृदयाचं काहीही असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र आधी. तिथे पोहोचल्यावर तब्येतीच्या फॉर्मवर ‘हो’ लिहावं लागलं की अर्धी सहल बसून काढावी लागते.

ताज्या ओपन वॉटरवाल्यांनी कुठे उतरावं? दोन शब्द लक्षात ठेवा: ‘गिरी’ आणि ‘थिला’. दोन्ही खाजणातल्या बुडालेल्या टेकड्या. गिरीचा माथा पृष्ठभागाच्या अगदी जवळ, थिलाचा थोडा खोल. गिरी नवख्यांसाठी उत्तम. खाली वाळू, मधे प्रवाळ, भोवती फेऱ्या मारता येतात, कासव हमखास. थिला जरा अनुभव आल्यावर. उत्तर अरीतला माया थिला रात्रीच्या डाइव्हसाठी प्रसिद्ध आहे. अंधारात पांढऱ्या टोकाचे शार्क टॉर्चच्या उजेडात शिकार करताना दिसतात.

तिसरा शब्द ‘कंडू’, म्हणजे अ‍ॅटॉलच्या कड्यातली खाडी, जिथून समुद्र आतबाहेर करतो. मालदीवचं खरं वैभव कंडूतच आहे, आणि तुम्ही या सहलीत तिथे जायचं नाही. वावू अ‍ॅटॉलचं फोट्टेयो, मियारू कंडू (मियारू म्हणजेच शार्क) ही नावं तुम्हाला जागोजाग सुचवली जातील. काही वर्षांपूर्वी एका जोडप्याने फार आग्रह केला म्हणून मी त्यांना अशा एका कंडूत नेलं. कोर्स होऊन महिना झाला होता. कोपऱ्यावर ओढ अंदाजापेक्षा जास्त निघाली. बाईंनी घाबरून प्रवाळ धरला, तळहात फाटला, आणि चौदा मिनिटांत त्यांच्या सिलिंडरमधल्या हवेचा दाब 200 बारवरून 50 वर आला. मी बोटीला जागा दाखवणारा नळकांडीसारखा फुगा वर सोडला, तिघंही ओढीबरोबर उघड्या समुद्रात वाहत वर आलो, आणि बोटीला आम्ही दिसेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. त्या तळहाताखेरीज कुणाला इजा झाली नाही, पण निर्णय माझा होता आणि तो चुकीचा होता. तेव्हापासून पंचवीस-तीस डाइव्ह आणि ओढीतला सराव असल्याशिवाय मी कुणालाही कंडूत नेत नाही. तुम्हाला तिसऱ्या दिवशी न्यायला कुणी तयार झालं, तर ती त्याच्या धंद्याची तयारी आहे, तुमची नव्हे.

कुठलंही ठिकाण असो, हा पिवळा-नारिंगी फुगा गाईडकडे तर असतोच, पण दोघांकडेही एकेक असावा आणि तो सोडता यावा. मालदीवच्या नियमाने करमणुकीच्या डाइव्हला 30 मीटरची मर्यादा आहे. तुम्ही 18 मीटरपेक्षा खोल जाऊ नका. डाइव्हिंगचा वेगळा विमा काढा. साध्या प्रवासी विम्यात दाबकक्षातला (डाइव्हमुळे होणाऱ्या आजारावरचा) उपचार बहुधा नसतो, आणि असे कक्ष मोजक्याच बेटांवर आहेत.

शार्कबद्दल विचारलंत. खडपावरचे काळ्या टोकाचे छोटे शार्क तर गुडघाभर पाण्यात पिल्लांसकट फिरताना दिसतील, सासूबाईंना धक्क्यावरूनसुद्धा. मालदीवने 2010 साली शार्कची मासेमारी पूर्ण बंद केली, त्याचं हे फळ. दक्षिणेला विषुववृत्ताच्या पलीकडे फुवाहमुला हे एकटं बेट आहे, त्याला खाजण नाही, काठ सरळ खोल समुद्रात उतरतो. तिथे बंदराजवळ वाघ-शार्क दिसतात, कारण मच्छीमार कुप्यांचे अवशेष तिथे टाकत आले आहेत. फुवाहमुला अप्रतिम आहे. तिथे गोड्या पाण्याची तळीही आहेत. पण ती दुसऱ्या-तिसऱ्या सहलीची जागा.

सासूबाईंचं काय, हे तुम्ही शेवटी विचारलंत, पण माझ्या मते बेट निवडताना तो पहिला प्रश्न हवा. गावाच्या बेटावर राहा, रिसॉर्टवर नाही. तिथे शाळा आहे, दुकानं आहेत, संध्याकाळी बायका ओट्यावर बसतात, आणि जेवायला मासा-भात-रोटी मिळते. ‘मसहुनी’ म्हणजे मासा, ओलं खोबरं, कांदा आणि मिरची कालवून केलेली न्याहारी. कोकणातल्या माणसाला ती परकी वाटणार नाही. सासूबाई शाकाहारी असतील तर गेस्टहाऊसला आधी लिहून कळवा, कारण तिथली भाजी जहाजाने येते. गावात दारू नाही, आणि पोहण्याचे कपडे फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावर. शुक्रवारी बोटी कमी असतात, म्हणून येण्या-जाण्याचा दिवस शुक्रवार धरू नका.

आणि त्यांना पाण्यात जरूर न्या. माझ्या आठवणीतल्या सर्वांत समाधानी पाहुण्या एक त्रेसष्ट वर्षांच्या बाई होत्या. जन्मात नदीशिवाय पाण्यात उतरल्या नव्हत्या. लाइफ जॅकेट घातलं, गोल ट्यूब धरली, मी ट्यूब ओढत खडपाच्या कडेने नेली. अर्ध्या तासाने त्यांनी तोंड वर काढलं आणि विचारलं, ‘तो निळा मासा दगड का खातो?’ तो पोपट-मासा होता. प्रवाळ कुरतडतो आणि वाळू टाकतो. ज्या पांढऱ्या वाळूवर त्या सकाळी चालल्या होत्या, ती बरीचशी अशाच माशांच्या पोटातून आलेली. हे कळल्यावर त्या पुन्हा तोंड पाण्यात घालून त्याच्याकडेच बघत राहिल्या.

काय दिसणार नाही, तेही सांगतो. जुन्या फोटोंतली रंगीत प्रवाळांची बाग उथळ पाण्यात सगळीकडे राहिलेली नाही. 1998 साली समुद्र तापला आणि उथळ भागातले बहुतेक प्रवाळ मेले. पुन्हा वाढू लागले होते, तर 2016 ला दुसरा तडाखा. मी 2016 च्या मेमध्ये रोज त्याच खडपावर उतरत होतो. आधी फांद्या पांढऱ्याशुभ्र झाल्या, काही निळ्या-जांभळ्या चमकल्या, आणि काही आठवड्यांत सगळ्यावर शेवाळ चढलं. आज काही ठिकाणी नवी वाढ चांगली आहे, काही ठिकाणी अजून ढिगारे आहेत. म्हणून पाय टेकवू नका, फिन्स उंच ठेवा आणि शक्यतो लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, म्हणजे अंगाला क्रीम कमी लागेल. पाणी 27 ते 30 अंश असतं, 3 मिलिमीटरचा सूट पुरतो.

रात्री चमकणारा समुद्र बघायला अमुक बेटावर जा, असं कुणी सांगितलं तर पैसे खर्च करू नका. तो जीवांचा प्रकाश कुठल्याही बेटावर, कुठल्याही रात्री दिसू शकतो किंवा नाही दिसू शकत. अंधाऱ्या पंधरवड्यात दिवे नसलेल्या टोकाला जाऊन ओल्या वाळूत पाय घासा, एवढंच.

एकाच अ‍ॅटॉलमध्ये सगळे डाइव्ह करा. दोन बेटं करायची म्हणजे मालेला परत येऊन पुन्हा निघणं, त्यात दीड दिवस जातो. पहिला डाइव्ह बेटाच्या स्वतःच्या खडपावर घ्या, खाली जायला कमरेला वजन किती लागतं ते तिथे ठरवा. रोज दोनपेक्षा जास्त नको. आणि शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला 24 तास जाऊ द्या; धरवंधूहून मालेचं छोटं विमानही त्यात धरायचं.

विमानाने मालेला येणार असाल तर तो कोरडा दिवस बेटावरच जाईल; बोटीने येणार असाल तर मालेत घालवा. बंदराशेजारचा मासळीबाजार दुपारनंतर बघा, एका गळाने एकेक करून पकडलेले कुपे तेव्हा उतरतात. मग हुकुरु मिस्की, जुनी शुक्रवारची मशीद. 1658 ची. तिच्या भिंती समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या ठोकळ्यांच्या आहेत, एकात एक बसवलेल्या, आणि त्यांवर बारीक कोरीव काम आहे. जवळ जाऊन बघितलंत तर नक्षीच्या मधेमधे त्या जिवांची बारीक भोकं अजून दिसतात.